शनिवारचे दोन तास

हातातलं काम चालू ठेवा, तव्यावरची भाकरी करपू देऊ नका, फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा. बचत गटाच्या या कार्यक्रमात आपण एरवी कर्ज, हप्ता, शेळीचा विमा, पापड-मसाल्याचा धंदा असल्या गोष्टी बोलतो. आज आम्ही लेकरांच्या भाषेबद्दल बोलणार आहोत. बीड जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत पहिली ते पाचवीच्या लेकरांसाठी दर शनिवारी दोन तास भाषेचा वर्ग भरतो, आणि तो गटाच्या बाया चालवतात. आठवड्याला एकच उपक्रम. ते उपक्रम कसले, त्यानं काय होतं, आणि जिला स्वतःला वाचता येत नाही अशा आईनं त्यात काय करायचं, ते सांगतो.

तुम्ही म्हणाल, गावात शाळा आहे, गुरुजी आहेत, मग गटानं यात कशाला पडायचं? त्याचं उत्तर आमच्या कर्जाच्या वहीत आहे. 'कर्ज कशासाठी' या रकान्यात बियाणं, दवाखाना, लग्न यांच्या जोडीला 'शिकवणी' हा शब्द वरचेवर दिसायला लागला. दुसरी-तिसरीच्या लेकराची शिकवणी! गटातून व्याजानं पैसे उचलायचे आणि शिकवणीला भरायचे. मासिक बैठकीत विषय निघाला, की बायांनो, एवढं भरून फरक काय पडला? एका ताईनं तिथंच आपल्या चौथीतल्या पोराला उभं केलं. त्यानं धडा घडाघडा वाचला, कुठं अडखळला नाही. सगळ्या खूश झाल्या. मग एका आजीबाईंनी सहज विचारलं, "काय होतं रे बाळा त्यात?" पोरगं गप्प. "कोणाची गोष्ट होती?" तरी गप्प. शेवटी म्हणालं, "परत वाचू का?"

त्या पोराला दोष नाही. त्याला अक्षरं येतात, पण अक्षरांमागं कुणीतरी काहीतरी सांगतंय हे त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. असं एकटं आमच्याच वाडीत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं 'निपुण भारत' अभियान सुरू केलं, त्यात तिसरीच्या शेवटी लेकरानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असं ठरवलं आहे, आणि त्यालाच जोडून म्हटलंय की अर्थ समजून वाचावेत. शिकवणीवाले साठ शब्दांचा आकडा पकडतात आणि अर्थाचं सोडून देतात. दुसरीकडे 'असर' नावाची पाहणी होते, घरोघरी जाऊन लेकरांना वाचायला लावतात. तिच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या शंभर लेकरांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २३च्या आसपास होती. २०२२ मध्ये, कोरोनात शाळा बंद राहिल्यावर, हीच संख्या १६च्या आसपास होती. म्हणजे सुधारणा आहे. पण उरलेल्या पंच्याहत्तरांवर लेकरांत आपलं कुणी आहे का, हे आपल्यालाच बघावं लागणार.

आणि ते बघायला स्वतःला वाचता यायला पाहिजे असं काही नाही. आमच्या गटातल्या निम्म्या बाया सहीपुरत्या शिकलेल्या. त्यांना आम्ही एकच सांगितलं. लेकराला म्हणायचं, वाच. वाचून झालं की पुस्तक मिटायला सांगायचं आणि म्हणायचं, "आता मला तुझ्या शब्दांत सांग." लेकरू सांगायला लागलं, हातवारे करायला लागलं, मधेच हसलं, तर त्याला कळलंय. ओठ हलतात पण गोष्ट पुढं सरकत नाही, तर नाही कळलेलं. भाकरी थापताना ही परीक्षा घेता येते. तिला ना वही लागते ना छडी.

आता वर्गाकडे येऊ. शनिवारी सकाळची शाळा असते. लेकरं घरी येतात, जेवतात, आणि दुपारी समाजमंदिरात जमतात. गावातल्या बारावी झालेल्या दोन मुली फळा सांभाळतात. गटातल्या बाया पाळीपाळीनं दोघी-दोघी हजर राहतात. शाळेच्या बाईंनी कपाटातली गोष्टीची पुस्तकं द्यायला होकार दिला, अट एकच, मोजून न्यायची आणि मोजून आणायची. गटात तसंही सगळं मोजूनच चालतं, त्यामुळे ती अट आम्हाला जड गेली नाही.

पहिल्या शनिवारी पुस्तक उघडायचंच नाही असं आम्ही ठरवलं होतं. एक कापडी पिशवी घेतली आणि तिच्यात घरातल्याच वस्तू टाकल्या. बिब्बा, सुतळीचं तोडकं, नारळाची शेंडी, चाळणी, भिजवलेले साबुदाणे एका डबीत, घासणीचा तुकडा, शेळीच्या गळ्यातली घंटी. लेकरानं डोळे मिटून हात घालायचा, एक वस्तू चाचपायची आणि नाव न घेता ती कशी आहे ते सांगायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. सुरुवातीला सगळी 'मऊ' नाहीतर 'कडक' एवढंच म्हणत होती. तिसऱ्या-चौथ्या लेकरापासून खरखरीत, बुळबुळीत, चिवट, टोकदार, पोकळ असे शब्द यायला लागले. एका पोरीनं नारळाची शेंडी चाचपून म्हटलं, "आज्जीचे केस तेल न लावता." लगेच ओळखलं सगळ्यांनी! ही पोरगी शाळेत तोंड उघडत नाही, अशी तिची ख्याती होती.

या उपक्रमाला खर्च शून्य आहे, आणि तो का करायचा हे मात्र नीट समजून घ्या. ज्या शब्दाला लेकरानं हात लावलाय तो शब्द पुस्तकात दिसला की त्याला ओळखीचा वाटतो. ज्या शब्दाला कधी हातच लावला नाही तो नुसता काळ्या रेघांचा गठ्ठा राहतो. त्या संध्याकाळी आलेले नवे शब्द जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही सुतळीवर टांगले. आता समाजमंदिराच्या एका भिंतीवर शब्दांचं तोरण आहे. दर शनिवारी ते वाढतं. लग्नसराईत पत्रिका भरपूर येतात, कागदाचा तुटवडा नाही.

घरातल्याच वस्तूंवर शिकवायचं हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडला, आदिवासी पाड्यांमध्ये नेलं. शहरातलं महागडं साहित्य त्यांनी बाजूला ठेवलं, पानं, फुलं, शिंपले, खडे, बिया यांवर लेकरांना शिकवलं. आपण आज सहज 'अंगणवाडी' म्हणतो, त्या कल्पनेचं मूळ त्यांच्या कामात आहे. जी लेकरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत. लेकरू शाळेत येत नसेल तर शाळेनं लेकराकडे जायचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

कोड्यांचा शनिवार आमच्याकडे महिन्यातून एकदा असतो. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांजवळ कोड्यांचा आणि उखाण्यांचा केवढा साठा आहे! शुक्रवारी रात्री लेकरानं घरातून एक कोडं मागून आणायचं आणि शनिवारी वर्गात घालायचं. दोन-तीन वेळा जुनी कोडी झाली की आम्ही म्हणतो, आता तुमचं तुम्ही करा. कोडं करणं सोपं नाही बरं. वस्तूचं नाव लपवायचं आणि खूण मात्र दाखवायची. एकानं केलं, "शेपूट भिंतीत घातलं की दुसऱ्याचं पोट भरतं." बाया विचार करून दमल्या. उत्तर काय, तर मोबाईलचा चार्जर. दुसरीतल्या पोरानं केलेलं कोडं आहे हे. हे पोर पेन्सिल हातात धरली की रडायचं. स्वतःचं कोडं त्याला पत्रिकेवर लिहायचं होतं, म्हणून त्यानं 'शेपूट' चार वेळा खोडून लिहिलं आणि एकदाही रडलं नाही.

आता बोलीचा विषय. हा आमच्या मनाला फार लागलेला आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

आपल्याकडे लेकरू म्हणतं 'मव्हा बाप', 'मव्हं दप्तर'. 'वेळ'ला 'येळ' म्हणतं, 'विळ्या'ला 'इळा'. शाळेत असं बोललं की हसतात. पहिल्यांदा हसले की लेकरू सुधारून बोलतं, दुसऱ्यांदा हसले की बोलणंच बंद करतं. तोंड बंद झालेल्या लेकराला वाचायला शिकवणं म्हणजे झाकण लावलेल्या हंड्यात पाणी ओतणं. आमच्या वाडीशेजारी तांडा आहे. तिथल्या लेकरांचं आणखी अवघड. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात. आईला 'याडी' म्हणतात, भाकरीला 'बाटी'. त्यांना मराठी ही शाळेतच नव्यानं भेटलेली भाषा आहे. पहिलीत 'आई' या शब्दापासून सुरुवात होते आणि लेकराला प्रश्न पडतो, ही कोण? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत, जिथं शक्य असेल तिथं, घरच्या भाषेत शिकवावं असं लिहिलंय. ते शाळेत कधी उतरेल तेव्हा उतरेल. शनिवारच्या दोन तासांत उतरवायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून आम्ही 'आजीची गोष्ट' हा उपक्रम सुरू केला. लेकरानं आजीजवळ, आजी नसेल तर शेजारच्या म्हातारीजवळ बसायचं. तिला एक प्रश्न विचारायचा. तुझ्या लहानपणी पाणी कुठून आणायचीस? दुष्काळात काय खाल्लंत? तुझं लग्न झालं तेव्हा तुला काय वाटलं? आणि ती बोलेल ते, तिच्याच शब्दांत लिहायचं. लेकरांनी विचारलं, "आज्जी 'इळा' म्हणली, तर 'इळा' लिहू का 'विळा'?" आम्ही सांगितलं, आजीचं तोंड आहे, आजीचंच लिही. शेजारी रेघ मारून पुस्तकातला शब्दही लिही. एका बाजूला 'इळा', दुसऱ्या बाजूला 'विळा'. एका बाजूला 'याडी', मधे 'माय', तिकडं 'आई'. असं करता करता लेकरांची स्वतःची शब्दांची वही तयार झाली. पुस्तकातली भाषा त्यांना यायलाच पाहिजे, परीक्षा त्याच भाषेत द्यायची आहे, अर्ज त्याच भाषेत करायचा आहे. पण घरची भाषा पुसून ती येत नाही.

कुणाला वाटत असेल की अडाणी म्हातारीचं बोलणं कसलं लिहून ठेवायचं, तर बहिणाबाई चौधरींचं आठवा. खानदेशातल्या असोद्याच्या त्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना त्या ओव्या रचत गेल्या, आपल्या बोलीत. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्यातल्या काही उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. घरात कुणी लिहून घेणारं नसतं तर आज महाराष्ट्राला ते नावही माहीत नसतं. तसंच जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. कुणाच्या तरी मुलीला दाखवायला सांगा मोबाईलवर. आमच्या गटानं ऐकल्या तेव्हा दोन म्हाताऱ्या बाया मोबाईलच्या आवाजात आवाज मिसळून गायला लागल्या, आणि लेकरं तोंडाचा आ वासून बघत राहिली. आपली आजी 'पाठ' म्हणू शकते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाजारचा शनिवार छोटा असतो, त्यात फार सांगण्यासारखं नाही. लेकरांनी घरात जे जे लिहिलेलं दिसतं ते वाचायचं. खताची गोणी, औषधाची बाटली, एसटीची पाटी, विजेचं बिल, रेशनच्या दुकानातला फलक. आमच्या गटाचं इतिवृत्तही आम्ही त्यांना वाचायला देतो. पाचवीतल्या एका पोरीनं ठराव वाचला आणि विचारलं, "'सर्वानुमते' म्हणजे काय?" आम्ही इतकी वर्षं दर महिन्याला तो शब्द लिहितोय. निम्म्या बायांना वाटत होतं ते अध्यक्षबाईंच्या सहीच्या आधी लिहायचं काहीतरी असतं. पोरीला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग मागच्या वेळी वहिनी नको म्हणत होत्या, तरी सर्वानुमते का लिहिलं?" त्या दिवसापासून ठराव लिहिताना जरा विचार होतो.

आता सगळ्यात अवघड भाग. ऊसतोडीचा.

दिवाळी झाली की आमच्या वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, मुकादम गाडी आणतो, आणि लेकरं मागं ठेवायला कुणी नसेल तर तीही गाडीत बसतात. पाडव्याच्या आसपास टोळ्या परततात. पाच-सहा महिने लेकरू फडावर. शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत लेकराला बसवता येतं. गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिथं राहता येतं. या दोन्ही गोष्टी मागून घ्या. हक्काच्या आहेत. टोळी निघायच्या आधी शाळेत जाऊन पत्रक हातात घ्या, गाडीत बसल्यावर आठवून उपयोग नाही. पण खरं सांगायचं तर कोपी एका गावाच्या शिवारात, शाळा दुसरीकडे, आणि आई पहाटे अंधारात फडात गेलेली असते. मोठी मुलगी लहान भावंडाला सांभाळते. ती शाळेत कशी जाणार?

गेल्या हंगामात वर्गातली अकरा लेकरं गेली. दिवाळीपर्यंत रंगात आलेला वर्ग अर्धा रिकामा. तेव्हा कुरणशाळेची गोष्ट आम्हाला आठवली. आपण फडावर जाऊ शकत नाही, पण आपला आवाज जाऊ शकतो. अकरांपैकी आठ घरांमध्ये निदान एक तरी मोबाईल होता. मग ठरलं, दर शनिवारी वर्गात एक अर्धी गोष्ट रचायची, ती लेकरांच्याच आवाजात रेकॉर्ड करायची आणि व्हॉट्सॲपवर फडावर पाठवायची. तिकडच्या लेकरानं ती ऐकायची आणि पुढची गोष्ट बोलून पाठवायची. लिहायची सक्ती नाही. दिवसभर फोन बापाच्या खिशात, रात्री चार्जिंग नाही, कधी रेंज नाही. त्यामुळे उत्तर कधी सोमवारी यायचं, कधी पंधरा दिवसांनी, कधी यायचंच नाही.

एका शनिवारी इकडच्या लेकरांनी गोष्ट रचली, की एका शेळीनं शाळेचा हजेरीपट खाल्ला. आता कोण आलं नि कोण नाही, गुरुजींना काही कळेना. इथं गोष्ट सोडून दिली. आठवडाभरानं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडावरून तिसरीतल्या मुलीचा आवाज आला. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज. ती म्हणाली, "शेळीला सगळ्यांची नावं पाठ झाली. ती चालत चालत आमच्या कोपीवर आली आन् मव्हं नाव घेतलं. मी म्हणले, हजर."

आम्ही ते वर्गात लावलं. लेकरं हसली. बाया हसल्या नाहीत.

तिच्या बोलण्यातून इकडच्या लेकरांना नवे शब्दही मिळाले. मोळी कशी बांधतात, वाढं म्हणजे काय आणि ते कुणाला विकतात, टायरगाडीत ऊस कसा रचतात. जे कधी फडावर गेले नाहीत त्यांना हे ठाऊक नव्हतं. मग आम्ही 'फडाची शब्दवही' नावाचा उपक्रम केला. टोळ्या परत आल्यावर त्या अकरा लेकरांना फळ्यापुढं बसवलं आणि बाकीच्यांनी त्यांना प्रश्न विचारून एकेक शब्द लिहून घेतला. दरवर्षी ही लेकरं परत येतात ती मागं पडलेली म्हणून येतात, शेवटच्या रांगेत बसतात. त्या दिवशी शिकवणारी तीच होती.

यानं सगळं भरून निघालं असं आम्ही म्हणणार नाही. त्या अकरांतली तीन लेकरं परत आली तेव्हा जोडाक्षरात अडखळत होती, अजूनही अडखळतात. ज्या तीन घरांत फोनच नव्हता त्यांना आम्ही पोस्टकार्डं पाठवली, पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली की पत्ता बदलतो. दोन कार्डं परत आली. गोष्टीसाठी अख्खा आठवडा थांबणारं लेकरू मात्र शाळेला विसरत नाही, एवढं आम्ही बघितलं.

बाया आम्हाला दोन-तीन प्रश्न नेहमी विचारतात. पहिला, यापेक्षा इंग्रजी का नाही शिकवत? शिकवा की, आमची ना नाही. पण ज्याला आपल्या भाषेतली गोष्ट वाचून सांगता येत नाही त्याला परक्या भाषेतली सांगता येईल का, हे त्याला पुस्तक मिटायला लावून बघा आणि मग फी भरा. दुसरा, चुका सुधारायच्या नाहीत का? सुधारायच्या, पण लेकरू बोलत असताना मधे तोडायचं नाही. बोलणं पुरं होऊ द्यावं, मग आपण तोच शब्द बरोबर वापरून उत्तर द्यावं. लाल पेननं पानभर गोल काढले की लेकरू पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं, कारण दोन ओळींत चुका कमी होतात. लेकरं हुशार असतात. तिसरा प्रश्न बक्षिसाचा. आमचं मत, बक्षीस ठेवू नका. बक्षीस ठेवलं की तीच चार लेकरं पुढं येतात आणि ज्यांच्यासाठी वर्ग आहे ती भिंतीला टेकून बसतात.

पुस्तकं कुठून आणायची म्हणाल तर आधी शाळेचं कपाट उघडायला लावा, बहुतेक शाळांत पुस्तकं असतात आणि कुलपात असतात. बालभारती १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतल्या चित्रगोष्टी फुकट आहेत. मोबाईल मोठ्या माणसाच्या हातात ठेवून, भोवती सगळ्यांनी बसून वाचायचं. लेकराच्या हातात फोन देऊन आपण कामाला गेलो तर तो गोष्टीवर थांबत नाही, हे आम्ही तुम्हाला काय सांगायचं.

आमच्या वर्गाचा महिन्याचा खर्च म्हणजे खडू, दोन-चार वह्या आणि फोनचा रिचार्ज. गटाच्या दंडाच्या रकमेतून तो भागतो. बैठकीला उशिरा येणाऱ्या बायांचा दंड असतो ना, तोच. आता कुणी उशिरा आलं की बाकीच्या म्हणतात, या, या, लेकरांच्या खडूची सोय झाली.

तुमच्या गटाला सुरुवात करायची असेल तर या शनिवारी नुसती पिशवी घ्या. घरातल्या दहा वस्तू, पाच लेकरं, एक तास. कोणतं लेकरू किती बोललं एवढंच बघा. ज्यांच्या गावातून टोळ्या जातात त्यांनी दिवाळीच्या आधीच एक काम करा. जाणाऱ्या प्रत्येक घराचा फोन नंबर, मुकादमाचा नंबर आणि कोणत्या कारखान्याला जाणार त्याचं नाव गटाच्या वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत यंदा चौदा लेकरांची नावं आहेत. तिसरीतून चौथीत गेलेली ती मुलगीही त्यात आहे. जायच्या आधीच तिनं आम्हाला बजावलंय, की या खेपेला अर्धी गोष्ट ती तिकडून पाठवणार आणि पुढची आम्ही करायची.